अंगावर येणारा ससा

ससा चावतो, यावर माणसांचा पटकन विश्वास बसत नाही. पंचतंत्रातला ससा सिंहाला विहिरीत उतरवतो तो अकलेच्या जोरावर, दातांच्या नव्हे. बाकी बहुतेक गोष्टींत तो पळतच असतो. म्हणून कुणाच्या तरी घरून आणलेला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा पिंजऱ्यात हात घालताच गुरकावतो, पुढचे दोन्ही पाय हातावर आपटतो आणि बोटाचा चावा घेतो, तेव्हा घरातले आधी हसतात, मग घाबरतात, आणि महिनाभरात ‘हा काही धड नाही, देऊन टाका कुणाला तरी’ इथवर येतात. असे ससे मग तिसऱ्या घरी जातात, चौथ्या घरी जातात. दर वेळी घर बदलतं, सशाचा अनुभव मात्र तोच राहतो.

हा अविश्वास थेट अमेरिकेच्या अध्यक्षांच्याही वाट्याला आला होता. २० एप्रिल १९७९ रोजी जिमी कार्टर जॉर्जियात आपल्या गावी, प्लेन्सला, एकटेच होडीत बसून मासे धरत होते. दलदलीत राहणारा एक रानससा पोहत त्यांच्या होडीकडे आला आणि वल्ह्याने पाणी उडवून त्यांना तो परतवावा लागला. ही हकिगत त्यांच्या कार्यालयातल्या माणसांनाही पटेना. ससे पोहत नाहीत, असं काहींचं म्हणणं पडलं. शेवटी फोटो दाखवावा लागला. पुढे वर्तमानपत्रांनी त्यावर यथेच्छ करमणूक करून घेतली.

इकडे आमच्या सटाण्यात, किंबहुना सगळ्या कसमादे पट्ट्यात, जनावर म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. गोठ्यात गाय, दारात बैल, बांधावर शेळी, हे लहानपणापासून पाहिलेलं असतं. माझं मत असं, की सशाच्या बाबतीत घोटाळा होतो तो नेमका या जाणतेपणामुळे. आपल्याकडे जनावर माणसाळवायचं म्हणजे आधी ते धरायचं. गोऱ्ह्याला वेसण घालतात, लाथाळ गाईचे मागचे पाय बांधून धार काढतात, शेळी कान धरून ओढत आणतात. चार दिवस ओढाताण होते, मग जनावर सवयीने शांत होतं. हीच रीत सशाला लावली, की तो बिघडतो. त्याला जितकं धराल तितका तो कडवा होतो.

कारण सशाला उचलणारा जो कोणी रानात भेटतो, तो त्याला खाणारा असतो. घार वरून झडप घालते, कोल्हा आणि रानमांजर तोंडात धरतात. जमिनीवरून चारही पाय सुटले म्हणजे खेळ संपला, हे त्याच्या रक्तात आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जरा वरच्या अंगाला असतात. त्यामुळे मागचं आणि आभाळातलंही त्याला दिसतं. पण नाकाच्या अगदी समोरचा आणि हनुवटीखालचा टापू त्याला दिसत नाही. कुत्र्याला आपण हात हुंगायला देतो तसा सशाच्या नाकासमोर हात नेला, तर तो हात वाटेतच नजरेआड होतो आणि एकदम अंगाशी प्रकटतो. तेव्हा बसणारा चावा म्हणजे दचकणं आहे. त्यातून सशाचा सांगाडा फार हलका, वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास, आणि मागचे पाय मात्र जबरदस्त. हातात तडफडताना त्याने जोराची लाथ झाडली तर स्वतःच्याच ताकदीने त्याचा कणा मोडू शकतो. बाजारात विक्रेते त्याला कान धरून उचलतात, ते तर सरळसरळ हाल आहेत.

आता दत्तक आलेल्या सशाची बाजू पाहू. आधीच्या घरी मुलांनी त्याला दिवसातून दहादा उचललं. तो पळाला, लपला, आकसून बसला. काही उपयोग झाला नाही. मग एके दिवशी त्याने झेप घेतली आणि हात झटकन मागे गेला. त्या दिवशी त्याला उपाय सापडला. पुढे प्रत्येक वेळी तो उपाय लागू पडत गेला, म्हणून पक्का झाला. हा ससा खुनशी नसतो. तो एक धडा नीट शिकलेला असतो. आपल्याला तो धडा विसरायला लावायचा नाही, तो निरुपयोगी करायचा आहे.

पण त्याआधी घरात आलेला प्राणी पाळीव ससाच आहे ना, एवढं पाहावं. बागलाणातल्या माळरानावर आणि डोंगरउतारावर जो ससा दिसतो, तो वेगळा प्राणी. लांब पायांचा, भुरकट, बिळात न राहणारा हा रानससा आणि युरोपातल्या रानटी सशांपासून माणसाने पैदा केलेला पाळीव ससा यांचा संकरसुद्धा होत नाही. एकाची गुणसूत्रं ४८, दुसऱ्याची ४४. पाळीव सशाची पिल्लं उघडीवाघडी, डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाचं पिल्लू अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्माला येतं आणि शेतात गवताच्या आडोशाला एकटंच बसून राहतं. आई दिवसभर लांब असते, अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. कापणीच्या वेळी असं पिल्लू दिसलं की लोक ते अनाथ समजून घरी आणतात. ते माणसाळत नाही, बहुधा जगतही नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा पकडून पाळणं हा गुन्हा आहे. असं पिल्लू दिसलं तर जिथल्या तिथे ठेवावं, आणि घरात आलंच असेल तर वनविभागाला कळवावं.

पाळीव सशाची गोष्ट निराळी. माणसाच्या सहवासाने त्याचा मेंदूच थोडा बदलला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारख्याच परिस्थितीत वाढवलेल्या रानटी आणि पाळीव सशांच्या मेंदूंची चुंबकीय छायाचित्रं तपासली गेली. भीती जिथे जागी होते तो भाग पाळीव सशात लहान निघाला आणि भीतीला आवर घालणारा पुढचा भाग मोठा. म्हणजे माणसाळण्याची तयारी जन्मतः असते. ती वापरली जायला हवी. ससीण पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, तेही तीन-चार मिनिटं पाजते. पहिल्या आठवड्यात, या पाजण्याच्या वेळेच्या आसपास ज्या पिल्लांना माणसाचा हात लागला, ती मोठेपणी माणसाला कमी भितात, असं हंगेरीतल्या संशोधकांना आढळलं. शेडमध्ये पन्नास पिंजऱ्यांत वाढलेल्या किंवा जत्रेत खोक्यात घालून विकलेल्या पिल्लाच्या नशिबी तो हात नसतो. तेव्हा आपण सुरुवात उशिरा करत आहोत, हे मान्य करूनच पुढे जायचं.

पहिला संशय दुखण्याचा घ्यावा. ससा दुखणं लपवतो, कारण रानात लंगडणाऱ्याला आधी उचलतात. आपल्याकडच्या सशांना सगळ्यात जास्त छळते ती खरूज: नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या कडांना, पंजांवर करड्या पापुद्र्यांची जाड खपली. कानाच्या आत गोचिडाच्या जातीतल्या बारीक किड्यांनी खपल्यांचे थर साचले, तर डोक्याजवळ आलेला कुठलाही हात त्याला नकोसा होतो. यावर डॉक्टरच्या हातचं इंजेक्शन चांगलं लागू पडतं. मात्र कुत्र्याच्या गोचिडासाठी आणलेला फिप्रोनिलचा फवारा सशावर कधीही मारू नये, तो त्याला विषारी आहे. घरात उरलेलं मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप पाजणंही तितकंच घातक. त्याने आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि मागोमाग ससाही. दात हे दुसरं ठिकाण. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला गवत लागतं. गवत कमी पडलं की दाढांना टोकं फुटतात आणि जीभ, गाल सोलून निघतात. तिसरं ठिकाण तळपाय. सशाच्या पंजाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीच्या तळावर महिनोन्‌महिने बसून तिथे जखमा होतात. कपाळ चोळताना ससा हळूच दात वाजवतो, ते सुखाचं. आकसून बसून कराकरा दात खातो, ते वेदनेचं. हा आवाज एकदा ऐकला की पुन्हा गल्लत होत नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत आणि शेळ्यांत जातो, तरी खरूज, कान आणि दात ते पाहू शकतात. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. शस्त्रक्रियेसाठी मात्र सशांना भूल देण्याचा सराव असलेला डॉक्टरच गाठावा, मग त्यासाठी नव्वदेक किलोमीटर नाशिकला जावं लागलं तरी हरकत नाही. डॉक्टरला सरावाविषयी सरळ विचारावं. एक खूण लक्षात ठेवावी: सशाला ओकारी येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. ‘काल रात्रीपासून काही देऊ नका’ असं कुणी सांगितलं, तर दुसरा डॉक्टर शोधावा.

शस्त्रक्रिया म्हणजे निर्बीजीकरण. चार महिन्यांपर्यंत लोण्यासारखा असलेला ससा अचानक अंगावर येऊ लागला, तर नव्वद टक्के उत्तर इथेच असतं, असं मी बेधडक म्हणेन. तीन ते सहा महिन्यांत ससे वयात येतात. नर पायाभोवती घिरट्या घालतो, घशात हुंकार देतो, मुताच्या पिचकाऱ्या मारतो. मादी त्याहून तिखट. रानात बीळ राखण्याचं काम तिचं, आणि पिंजरा हेच तिचं बीळ. तिला खोटी गर्भारपणं येतात. ती सोळा-अठरा दिवस टिकतात. शेवटी शेवटी मादी छातीचे केस उपटून, गवत तोंडात धरून घरटं करत बसते आणि त्या काळात पिंजऱ्यात घातलेला हात तिला पिल्लांवर चाल करून आलेला वाटतो. अशा वेळी घरटं उचकटू नये. शस्त्रक्रियेने हा सगळा ताप उतरतो, पण एका रात्रीत नाही. रक्तातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे जातात. नराची प्रजननक्षमतासुद्धा चार ते सहा आठवडे टिकते, तोवर त्याला मादीपासून लांब ठेवावं. मादीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: चार वर्षांवरच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळतो. ‘एवढ्याशा सशाला कशाला ऑपरेशन’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकून मग ठरवावं.

दुखणं नाही, शस्त्रक्रिया झाली, तरी चावतो. मग पिंजऱ्याकडे पाहावं. बहुतेक झटापटी दोनच वेळी होतात: खाणं ठेवताना आणि झाडलोट करताना. झाडूवर तुटून पडणारे ससे पुष्कळ. त्याचा उपाय इतका साधा आहे की लोकांना तो उपाय वाटतच नाही: ससा आत असताना आत हात घालायचाच नाही. सकाळी दार उघडावं, त्याला आपण होऊन खोलीत किंवा पडवीत येऊ द्यावं, आणि तो बाहेर रमला की मग आत साफसफाई करावी. त्याची लघवीची जागा ठरलेली असते. तिथे पसरट ट्रे ठेवून वर गवत टाकलं की रोज सगळं झाडावंही लागत नाही. बाहेर एक लपायची जागा हवी. सटाण्यात डाळिंब भरायची पुठ्ठ्याची खोकी काही दुर्मीळ नाहीत. एक खोकं घ्यावं, चिकटपट्टी आणि पिना काढून टाकाव्यात, आणि दोन बाजूंना ससा आरामात जाईल एवढी दोन भोकं पाडावीत. दोन, कारण एकच दार असलेल्या बिळात तो अडकल्यासारखा होतो, आणि अडकलेला ससा चावतो. या खोक्यात असताना त्याला कुणीही हात लावायचा नाही, हा नियम मुलांना आणि पाहुण्यांनाही सांगावा.

आता हात. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो. दुपारी त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. संध्याकाळी दार लावून जमिनीवर बसावं, त्याच्याकडे पाठ किंवा बगल करून. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड पायमोजे घालावेत, म्हणजे आपण दचकणार नाही. वर्तमानपत्र वाचावं. त्याच्याकडे बघू नये, बोलावू नये. तो येतो, अंतर राखून हुंगतो, जातो. कधी पायाला हनुवटी घासून जातो. हनुवटीखाली त्याची गंधग्रंथी असते, म्हणजे तुम्ही त्याच्या मालकीच्या वस्तूंत जमा झालात. काही संध्याकाळी अशा गेल्या की कोथिंबिरीची लांब देठाची काडी जमिनीवर धरावी, पाला त्याच्याकडे, बोटं लांब. दिवसेंदिवस काडी आखूड करत न्यावी. बोटाजवळचा पाला तो निवांत खाऊ लागला की एके दिवशी हात बाजूने वर नेऊन कपाळावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, एकदाच फिरवावा आणि काढून घ्यावा. त्याने डोकं जमिनीला टेकवलं तर त्याला आणखी हवं आहे. मान काढून घेतली तर आज एवढंच.

झेप घेण्याआधी ससा सांगतो. शेपटी वर होते, अंग ताठ होतं आणि कान मागे चिकटतात. निवांत बसलेल्या सशाचेही कान मागे पडलेले असतात, पण ते सैल. रागातले कान ताणलेले असतात आणि हनुवटी पुढे येते. हे दिसलं की हात जिथे आहे तिथेच थांबवावा. झटक्याने मागे घेतला तर जुना धडा पुन्हा पक्का होतो. पुढे रेटला तर चावा बसतो. सुरुवातीला हे जमत नाही, म्हणून जाड हातमोजा घालावा किंवा हातात पुठ्ठ्याचा तुकडा ढालीसारखा धरावा. तो पुठ्ठ्यावर पाय आपटेल, गुरकावेल आणि काहीच घडत नाही हे पाहून थांबेल. तो थांबल्यावर, आणि थांबल्यावरच, सावकाश बाजूला व्हावं. नाकावर टिचकी मारणं, ओरडणं, पाणी उडवणं यांनी एवढंच सिद्ध होतं की त्याची शंका बरोबर होती. इंटरनेटवर सशाला उताणं करून ‘शांत झोपवण्याचे’ व्हिडिओ फिरतात. तो ससा झोपलेला नसतो, भीतीने थिजून मेल्याचं सोंग करत असतो. त्या वाटेला जाऊ नये.

या सगळ्याला आठवडे लागतात, काहींना महिने. मधे एखादा दिवस वाईट जातो, फटाके वाजतात, घरात पाहुणे येतात, आणि ससा दोन पायऱ्या मागे जातो. तो पुन्हा वर येतो.

चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या किंवा अन्य इंजेक्शनचा निर्णय त्यांनी घ्यायचा.

खाण्याचाही स्वभावाशी संबंध आहे. दिवसातून एकदा वाटीभर खुराक टाकला जातो, तिथे त्या वाटीवरून लढाया होतात. चोवीस तास गवत पुढे असलं की वाटीचं महत्त्व उरत नाही. मारवेल, हरळी, वाळवलेलं बांधावरचं गवत हे त्याचं मुख्य अन्न. आपल्या भागात गुरांसाठी लावलेला घास सहज हाताशी असतो, पण मोठ्या सशाला तो चवीपुरताच द्यावा. त्यात कॅल्शियम जास्त, आणि सशाचं शरीर जादा कॅल्शियम लघवीतून टाकतं, तिथे त्याचा गाळ साचतो. डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेतलं गवत, औषध मारलेलं असेल तर, कापूच नये. आणि कांदा, कांद्याची पात, लसूण यांतलं काहीही नको; त्याने सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांद्याच्या चाळीशेजारी ससा मोकळा सोडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. गाजराचं नातं चित्रांतलं. गोड असल्याने ते बोटभर तुकडा, बक्षीस म्हणून. बिस्किट, शेव, भाकरी बंद. ससा बारा तास काही न खाता, लेंड्या न टाकता बसला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

एप्रिल-मे मधली चिडचिड वेगळी ओळखावी. सटाण्याचा पारा चाळिशीपार जातो आणि सशाला तिशीच सोसत नाही. त्याला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो. पत्र्याखालचा पिंजरा आत, शहाबादी फरशीवर आणावा. भोवती ओलं गोणपाट, जवळ फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. कान गरम, श्वास धापा टाकल्यासारखा आणि तोंड ओलं दिसलं तर कान साध्या पाण्याने ओले करून दवाखान्यात न्यावं. अंगावर बर्फाचं पाणी ओतू नये.

माणसाळलेला ससाही मांडीवर बसेलच असं नाही. शेजारी येऊन आडवा पडतो, कपाळ चोळून घेतो, संध्याकाळी तुमच्याभोवती उड्या मारत हवेतच अंग पिळवटतो. बहुतेकांचं प्रेम इथवर. नखं कापायला महिना-दीड महिन्यातून उचलावं लागतंच. तेव्हा एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आपल्या पोटाला टेकलेली, आणि अंगाभोवती टॉवेल. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्याच्याशी खेळावं. उचलणं मोठ्यांचं काम.

एकटेपणाने चिडतो, म्हणून लगेच दुसरा ससा आणण्याचा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, घाईचा आहे. आधी दोघांचं निर्बीजीकरण, मग भेट तिसऱ्याच जागी, जिथे दोघांपैकी कुणाचाही वास नाही. पहिल्या भेटी काही मिनिटांच्याच, आणि हाताशी जाड हातमोजे. तोवर दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, पण मधे चांगलं वीतभर अंतर सोडावं. जाळीला जाळी लावून ठेवली तर ससे एकमेकांची नाकं फोडतात.